पाय पसरायची परवानगी

लाल रंगाच्या दोन खुर्च्या. पाठ उंच, हात रुंद, बैठक इतकी खोल की एकदा टेकलेला माणूस लवकर उठायचा नाही. आणि वाचायचे दिवे खुर्चीतच बसवलेले. वाचता वाचता अंधारून आलं तर उठायला नको, कुणाला हाक मारायला नको. १९३०च्या आसपास घडवलेल्या या खुर्च्यांचा फोटो पाहिला की वाटतं, ज्याने या मागवल्या त्याला दोन गोष्टी मनापासून आवडत असणार, वाचन आणि एकांत. पैकी दुसरी गोष्ट राजाच्या वाट्याला सहसा येत नाही.

हा राजा म्हणजे इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर. जन्म १९०८चा. वडील तुकोजीराव यांना मुंबईच्या बावला नावाच्या व्यापाऱ्याच्या खून प्रकरणाच्या गदारोळात १९२६ साली राज्य सोडावं लागलं, तेव्हा हा मुलगा सतरा वर्षांचा होता. पुढे ऑक्सफर्डला शिकायला गेला आणि तिकडे त्याची गाठ एकार्ट मुथेसियस नावाच्या जर्मन वास्तुकाराशी पडली. मुथेसियसही असा कितीसा मोठा? १९०४चा जन्म. दोघांच्या वयांची बेरीज पन्नास भरत नव्हती, आणि या दोघांनी मिळून माळव्याच्या काळ्या मातीत युरोपातल्या कुठल्याही राजाकडे नसेल असा राजवाडा उभा करायचं ठरवलं. माणिकबाग. काम १९३०च्या सुमारास सुरू झालं आणि दोन-तीन वर्षांत पुरं झालं. सामान जर्मनीहून जहाजाने आलं. वातानुकूलन होतं. दारं, कड्या, दिवे, गालिचे, सगळ्यांचा विचार एकाच हिशेबाने केलेला. मुथेसियसने राजासाठी रेल्वेचा सलूनसुद्धा सजवला.

बाहेरून पाहिलं तर राजवाडा म्हणावा असं फारसं काही नाही. घुमट नाहीत, महिरपी नाहीत, हत्ती-सिंह नाहीत. दौलत सगळी आत, आणि आतही ती भिंतींवर कमी आणि बसायच्या-निजायच्या वस्तूंत जास्त. अभ्यासिकेतलं फर्निचर पॅरिसचा नामांकित फर्निचरकार रुलमान याचं. राजा-राणीचे पलंग लुई सोन्यो आणि शार्लोट आलिक्स या जोडीने धातू आणि काच वापरून केलेले. आयलीन ग्रे या आयरिश डिझायनर बाईंची ‘ट्रान्साट’ खुर्ची. आणि पॅरिसचा गाजलेला वास्तुकार ल कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोट पेरियां या तिघांनी मिळून काढलेली ती जगप्रसिद्ध पोलादी लांब खुर्ची, जिच्यावर माणूस अर्धा बसतो आणि अर्धा निजतो. बाकीच्यांनी ती घेतली ती कॅनव्हासची, चामड्याची किंवा गाईच्या कातड्याची. इंदूरला ती बिबट्याच्या कातड्यात मढवून आली. आधुनिकतेचं वेड कितीही असो, शिकारीचं कातडं अंथरल्याशिवाय राजाला राजा असल्यासारखं वाटत नसावं.

या राजवाड्याचे त्या वेळचे फोटो बघत बसायचा मला नाद आहे. त्यांत माणसं जवळजवळ नसतातच. चकचकीत नळ्या, ताणलेलं चामडं, भूमितीचे आकार विणलेले गालिचे, आणि कुणीही नाही. राणी संयोगिताराजे कागलच्या घाटग्यांच्या. कोल्हापुराजवळच्या कागलमधून निघालेली मुलगी इंदूरमार्गे पॅरिसला पोचली आणि मॅन रे या नामवंत छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यासमोर नवऱ्याला बिलगून हसली. ते फोटो फार गोड आहेत, दोन कॉलेजातली मुलं सुटीवर आल्यासारखे. १९३७ साली ती स्वित्झर्लंडमध्ये वारली. पंचविशीही गाठली नाही. ज्या घरात एवढा विचार करून बसायच्या जागा केल्या, तिथे दोघं मिळून किती संध्याकाळी बसली असतील, हा प्रश्न ते रिकाम्या खुर्च्यांचे फोटो पाहताना मला हटकून पडतो. राजाने शिल्पकार ब्रांकुशीकडून ‘अवकाशातला पक्षी’ घेतला होता, एक नव्हे तीन, ब्राँझचा, काळ्या संगमरवराचा आणि पांढऱ्या. त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायचं होतं. ब्रांकुशी त्याकरता इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही.

आता जरा त्या लांब खुर्चीकडे. तिचं नाव निघालं की कॉर्बुझिएचं नाव निघतं, पण मला त्यातली खरी गोष्ट पेरियांची वाटते. १९२७ साली चोवीस वर्षांची ही मुलगी काम मागायला कॉर्बुझिएच्या स्टुडिओत गेली तेव्हा साहेबांनी तिला ऐकवलं, की आम्ही इथे उशांवर भरतकाम करत नाही. काही दिवसांनी तिने एका प्रदर्शनात मांडलेला निकेल आणि अॅल्युमिनियमचा बार त्याच साहेबांनी पाहिला आणि तिला बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी ही खुर्ची तयार झाली. तिच्यावर स्वतः पेरियां पहुडली आहे असा एक फोटो आहे. पाय डोक्याच्या वर, चेहरा कॅमेऱ्यापासून पलीकडे वळवलेला, गळ्यात बॉल बेअरिंगची माळ. बाई पाय वर करून लोळते आहे आणि जगाकडे पाहतसुद्धा नाही. १९२९ साली ही गोष्ट पॅरिसलाही खपायला जड गेली असेल.

खुर्ची म्हणून मात्र तिचे नखरे फार. खाली पोलादी घोडी, वर नळ्यांची कमान, आणि दोघांमध्ये एकही स्क्रू नाही. कमान घोडीवर नुसती टेकलेली असते. रबराच्या घर्षणाने आणि माणसाच्या वजनाने ती जागच्या जागी राहते. सरकवाल तो कोन मिळतो. फक्त कोन बदलायचा असेल तर खुर्चीवरून उठावं लागतं! आरामाच्या या यंत्रात आळशी माणसाचा विचार झालेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा एका मोठ्या शोरूममध्ये मी तिच्यावर निजून पाहिलं. मानेखालची गुंडाळी मानेखाली येत नव्हती, खांद्यात येत होती. ज्या शरीराच्या मापाने ती बेतली ते शरीर माझ्यापेक्षा वीतभर लांब असावं. विक्रेता मुलगा समोर हात बांधून उभा होता. कुणी उभं राहून बघत असताना आडवं होता येत नाही, एवढं मात्र त्या दिवशी नीट कळलं. राजांना ते कसं जमत असेल कोण जाणे. त्यांच्याभोवती तर कायमच कुणी ना कुणी उभं.

कदाचित म्हणूनच राजा दोन तऱ्हांनी बसायचा. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मॉन्व्हेलने यशवंतरावांची दोन मोठी व्यक्तिचित्रं काढली. एकात पाश्चात्त्य पद्धतीचा रात्रीचा पोशाख, उंच, सडपातळ, उभा तरुण. दुसऱ्यात मराठी दरबारी वेश, पांढरा अंगरखा, डोक्याला पगडी, गळ्यात नासपतीच्या आकाराचे ते दोन प्रसिद्ध हिरे, आणि बसलेला आहे पांढऱ्याशुभ्र बैठकीवर. जगातल्या सगळ्यात नव्या खुर्च्या घरात असलेला माणूस राजा म्हणून चित्रात बसतो तेव्हा मांडी घालून, जमिनीलगत. खुर्च्या यशवंतरावांच्या होत्या, बैठक होळकरांची होती.

बैठकीचं एक बरं असतं. तिथे सरकून जागा करता येते. गादी, पांढरी चादर, लोड, तक्के. गाण्याची मैफल असो की साखरपुडा, आधी पाठ ताठ असते, मग एक कोपर लोडावर जातं, मग कधीतरी पाय लांब होतात. माणूस किती सैलावला आहे हे त्याच्या आणि लोडाच्या संबंधावरून ओळखावं. खुर्ची ही लवचीकता देत नाही. एका खुर्चीवर एक जण, आणि ती कुणाची हे ठरलेलं.

आमच्या घरांतली आरामखुर्ची हे त्याचं उत्तम उदाहरण. दोन तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. एक सागवानी किंवा शिसवी, वेताच्या जाळीची, जिचे हात पुढे लांबवता येतात आणि त्यावर पाय टाकून पडता येतं. कोकणातल्या खोताच्या ओटीवर, गोव्यातल्या भाटकाराच्या घरात, डाकबंगल्याच्या व्हरांड्यात ती हमखास. दुसरी कापडी, मध्यमवर्गाची. लाकडी चौकट, पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड, वर-खाली दोन दांडे आणि मागे उतार कमी-जास्त करायला खाचा. खाच नीट बसली नाही तर बोटं चिमटणार हे ठरलेलं. दांडा हळूच काढून ठेवून बसणाऱ्याची फजिती करण्याचा प्रयोग आमच्या पिढीतल्या बहुतेक घरांत झाला असेल आणि त्याबद्दल बहुतेकांनी मारही खाल्ला असेल.

आयलीन ग्रेच्या ज्या ‘ट्रान्साट’चं वर नाव आलं, तिची कल्पना आली अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींच्या डेकवरच्या खुर्च्यांवरून. लाकडाची चौकट, तिच्यात सैल सोडलेली झोळी. ग्रेने चौकटीला लाखेची झळाळी दिली, कापडाच्या जागी चामडं आणलं, सांध्यांना धातूच्या टोप्या बसवल्या आणि डोक्याकडचा भाग हलता केला. पण कुळी तीच, आपल्या कापडी आरामखुर्चीची. १९३३च्या इंदुरात माणिकबागेत महाराज आणि रामबागेत एखादे हेडमास्तर दुपारी एकाच आकाराच्या झोळीत पडलेले असणार. फरक चामड्याचा आणि लाखेचा. हा फरक लहान नाही हे बाजार सांगतो. ग्रेने त्याच्याही आधी, १९१७ ते १९च्या दरम्यान घडवलेली ड्रॅगनच्या हातांची एक छोटी खुर्ची २००९ साली पॅरिसच्या लिलावात दोन कोटी एकोणीस लाख युरोंना गेली. ती बसायला कशी आहे याची चौकशी घेणाऱ्याने केली असेल असं वाटत नाही.

रामबागेचं नाव उगाच नाही घेतलं. माझी आत्या तिकडची. इंदूरच्या मराठी घरांत जशी असते तशी माळवी वळणाची मराठी बोलणारी, सकाळी पोह्यांवर शेव भुरभुरल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही त्यांतली. तिच्याकडे कापडी आरामखुर्ची होती, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. ती काकांची. ते कचेरीत गेले की दुपारभर रिकामी. तिच्यात मांजर बसायचं, आम्ही पोरं झोके घ्यायचो, शेजारचे जोशी आले तर तेही हक्काने रेलायचे. आत्याला मात्र मी तिच्यात कधी पाहिलं नाही. ती खाली फरशीवर, भिंतीला पाठ लावून, पुढ्यात परात घेऊन मटार सोलायची. एकदा विचारलं तर म्हणाली, “अगं, तिच्यात पडलं की उठता येत नाही पटकन.” तेव्हा हे उत्तर मला पटलं होतं. आता कळतं की पटकन उठायची सक्ती होती फक्त तिच्यावर.

आराम देणाऱ्या प्रत्येक खुर्चीत हे कलम लपलेलं असतं. बैठक मागे कललेली, जमिनीपासून खाली, गुडघे कमरेच्या वर. या आसनातून उठायचं तर दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. म्हणजे ज्याला कुणी हाक मारणार नाही, किंवा हाक मारली तरी जो ‘आलोच’ म्हणून पडून राहू शकतो, त्याच्यासाठी ती खुर्ची. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५६ साली जी चामड्याची, वाकवलेल्या प्लायवुडच्या कवचांची आरामखुर्ची काढली आणि जी आज प्रत्येक श्रीमंत वकिलाच्या केबिनमध्ये, खरी किंवा नकली, हटकून दिसते, तिच्यासोबत पाय ठेवायला वेगळं बुटकं चौरंगासारखं आसनही येतं. पाय वर गेले की माणूस कामावर नाही, हे जगभर मान्य आहे. पण गंमत अशी की याच ईम्सनी १९६८ साली सिनेदिग्दर्शक बिली वाइल्डरकरता ऑफिसात डुलकी काढायला एक शेज केली, ती मुद्दाम अरुंद, जेमतेम साडेसतरा इंच. छातीवर हात घेऊन झोपायचं. गाढ झोप लागली की हात घसरून खाली पडतात आणि माणूस जागा होतो. झोपेची परवानगी, पण मर्यादित. इंदूरच्या राजापेक्षा हॉलिवूडचा दिग्दर्शक आमच्या आत्याच्या जास्त जवळचा म्हणायचा.

(जाता जाता, याच ईम्स दांपत्याला भारत सरकारने बोलावलं आणि १९५८ साली त्यांनी भारतातल्या डिझाइनविषयी एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवालात त्यांनी तोंड भरून कौतुक केलं ते लोट्याचं. देशभर हिंडून त्यांना सगळ्यांत देखणी वस्तू दिसली ती पाणी पिण्याची. आमच्या खुर्च्यांबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि तेव्हाच्या सरकारी खुर्च्या आठवल्या तर त्यांनी सभ्यपणा पाळला असं म्हणावं लागेल.)

सगळ्याच सरकारी खुर्च्यांना मात्र हे लागू नाही. इंदूरच्या त्या लांब खुर्चीवर ज्या तिघांची नावं होती त्यांतला पिएर जानरे, कॉर्बुझिएचा चुलतभाऊ, पुढे स्वतःच भारतात आला. १९५१ साली चंदीगडच्या उभारणीसाठी. कॉर्बुझिए यायचा-जायचा. जानरे राहिला, १९६५पर्यंत. नवं शहर म्हणजे नवं सचिवालय, नवं उच्च न्यायालय, नवं विद्यापीठ, आणि या सगळ्यांत बसायला हजारो खुर्च्या. पोलादी नळ्या इथे परवडणाऱ्या नव्हत्या, आणि इथल्या उकाड्यात चामडं कोण सोसणार? मग साग आणि वेत. साग वाळवीला दाद देत नाही, वेतातून वारा खेळतो. पाय उलट्या व्हीसारखे, कंपास उघडून ठेवल्यासारखे. स्थानिक सुतारांच्या कारखान्यांत या खुर्च्या घडल्या. त्यामुळे एकीची जाडी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. आरेखनाच्या कामात युली चौधरींसारख्या भारतीय वास्तुकारांचा हात होता. त्यांचं नाव घ्यायला लोकांनी पुष्कळ वर्षं लावली. पेरियांची गोष्ट आठवली तर नवल वाटू नये.

मला या खुर्च्यांबद्दल जे वाटतं ते असं. बिबट्याच्या कातड्यावरून वेताच्या जाळीवर येताना जानरेने आरामाचा दर्जा खाली आणला नाही, फक्त माणूस बदलला. कारकून, ग्रंथालयात अभ्यास करणारा विद्यार्थी, साहेबाला भेटायला आलेला कुणी खेडूत, यांची पाठही राजाच्या पाठीसारखीच दुखते, हे त्या खुर्चीत गृहीत धरलंय. ऑफिसच्या खुर्चीतसुद्धा पाठ किंचित मागे झुकते, हात टेकायला रुंद पट्टी मिळते. स्वतंत्र भारतात सामान्य माणसाला सरकारी इमारतीत बरं बसायला मिळावं, एवढी साधी आणि एवढी मोठी कल्पना! जानरेने या शहरावर इतका जीव लावला की मृत्यूनंतर त्याच्या अस्थी तिथल्या सुखना तळ्यात सोडल्या.

पुढचं आपल्या सरकारी खाक्याने झालं. वेत फाटला, सांधे खिळखिळे झाले. नव्या साहेबांना चाकांच्या, फिरत्या, गुबगुबीत खुर्च्या हव्या होत्या. जुन्या खुर्च्या गच्च्यांवर, जिन्यांखाली, आवारांत एकीवर एक रचून ठेवल्या गेल्या. ढिगांचे फोटो आजही सापडतात, पावसात पाय वर करून पडलेले सागवानी ढीग. मग भंगार म्हणून लिलाव. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पॅरिसचे काही चाणाक्ष व्यापारी येऊन हे भंगार रीतसर बोली लावून घेऊन गेले. त्यात चोरी-लबाडी नव्हती. आम्ही विकत होतो, ते घेत होते. तिकडे लाकूड घासून, नवा वेत विणून, उत्तम फोटो काढून त्याच खुर्च्या संग्राहकांच्या दिवाणखान्यात पोचल्या, हजारो डॉलरला एक. पाठीमागे पांढऱ्या रंगात खात्याचं नाव आणि नंबर रंगवलेला असायचा, स्टोअरकीपरने मोजदादीसाठी टाकलेला. तो त्यांनी पुसला नाही. तोच अस्सलपणाचा दाखला ठरला. २०११ साली गृहमंत्रालयाने चंदीगडच्या वारसा फर्निचरची विक्री आणि निर्यात थांबवण्याचा आदेश काढला, तोवर बरंच काही निघून गेलं होतं.

माणिकबागेचंही वेगळं झालं नाही. यशवंतराव १९६१ साली गेले. १९८० साली मोनॅकोत सदबीज या लिलाव कंपनीने राजवाड्यातल्या फर्निचरचा मोठा लिलाव केला आणि ते सगळं सामान जगभर पांगलं. २०१९ साली पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने त्यातले बरेच नग पुन्हा एकत्र आणून मोठं प्रदर्शन भरवलं. आणि राजवाडा? त्यात अबकारी आणि सीमाशुल्क खात्याचं कार्यालय आलं. आत्याने एकदा रिक्षातून जाता जाता दाखवला होता. “यहीं बैठते थे महाराज, अब एक्साइजवाले,” असं रिक्षावाल्याने मध्येच सांगितलं, आणि आत्याने त्याला मराठीतच “हो रे बाबा, बघ समोर” म्हणून गप्प केलं.

म्हणजे पाहा, हिशेब कसा जुळला. राजाच्या खुर्च्या पॅरिसला गेल्या आणि राजाच्या घरात कारकून बसायला आले. तिकडे कारकुनांच्या खुर्च्या पॅरिसला जाऊन राजांच्या झाल्या. दोन्ही खुर्च्यांच्या कागदावर पिएर जानरेचं नाव. दोन्हीकडे बसणारा माणूस उठला आणि मग खुर्चीची किंमत झाली. ज्या कारकुनाने पंचवीस वर्षं त्या वेतावर बसून फायली लिहिल्या, त्याची पाठ घासून गुळगुळीत झालेल्या लाकडाला आता त्या व्यवसायात ‘पॅटिना’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

अलीकडे या खुर्च्या परत आल्या आहेत, अर्थात नकला म्हणून. पुण्या-मुंबईच्या नव्या कॅफेंत, आर्किटेक्टने सजवलेल्या फ्लॅटांत ‘चंदीगड चेअर’ हवीच. बाजूला एक मोठं पान असलेलं झाड, वर पिवळा दिवा. मला या फॅशनचा राग येत नाही. उलट पंचतारांकित हॉटेलांच्या लॉबीतल्या सोफ्यांपेक्षा हे बरं. ते सोफे इतके खोल असतात की आत्यासारख्या पाच फुटी बाईने मागे टेकायचं ठरवलं तर पाय अधांतरी, आणि पाय टेकवायचे तर पाठीला आधार नाही. लग्नाच्या बोलणीला अशाच एका लॉबीत गेलो होतो. आमच्याकडची सगळी वडीलधारी मंडळी सोफ्याच्या अगदी कडेवर, बस सुटायच्या बेतात असल्यासारखी बसली होती. पलीकडच्या पार्टीचे काका मात्र आरामात मागे रेलले होते. बोलणी कुणाच्या बाजूने झुकणार ते मला तिथेच दिसलं.

आत्याकडे आता रिक्लायनर आहे. अमेरिकेतल्या मुलाने घेऊन दिला. तपकिरी, भलामोठा, बटण दाबलं की पाठ मागे जाते आणि पाय आपोआप वर येतात. दिवाणखान्याचा एक कोपरा त्याने गिळला आहे. आत्या त्यात बसते, आवडीने बसते, दुपारच्या मालिका त्यातच बघते. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणते. पण दाराची बेल वाजली की आधी बटण शोधते. पाय खाली येईपर्यंत कडी काढायला कुणाला जाऊ देत नाही. यंत्र आपल्या गतीने गुरगुरत पाय खाली आणतं, बाहेरचा माणूस दोनदा बेल वाजवतो. मी म्हटलं, येऊ दे ना, दिसले पाय तर दिसले. तर म्हणे, “पाय पसरून पाहुण्याचं स्वागत करायचं का?” सूनबाई मात्र त्याच रिक्लायनरवर पाय वर ठेवून, लॅपटॉप पोटावर घेऊन मिटिंगा करते. कॅमेऱ्यात फक्त चेहरा दिसतो.

मलाही एक खुर्ची करून घ्यायची होती. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात एक कारागीर सापडला. चंदीगडची बुटकी, मागे कललेली आरामखुर्ची तो अशी करतो की जुनी-नवी शेजारी ठेवली तर मला तरी ओळखू येणार नाही. असली केन घ्या, म्हणाला, प्लास्टिकची जाळी नको. असली केन भिजवून विणतात, वाळली की ताण धरते. लाकडावर हात फिरवत त्याने सांगितलं की हल्ली गिऱ्हाईक पाठीवर नंबरही रंगवून मागतं. कुठलंही खातं, कुठलाही आकडा. त्याने फोनमध्ये नमुने दाखवले, कुणी रसायनशास्त्र विभाग घेतं, कुणाला हायकोर्ट आवडतं.

मी म्हटलं, नंबर नको, पण बैठकीची खोली दोन इंच कमी करा आणि उंची थोडी वाढवा. आमच्याकडच्या बायका बुटक्या आहेत, आणि उठायला सोपी पडेल. त्याने टेप काढली, मोजलं, आणि मान हलवली.

“नहीं मॅडम. डिझाइन बिगडेगा.”

बरीच घासाघीस झाली. भावाची नव्हे, त्या दोन इंचांची. शेवटी खोलीत दीड इंचावर तो तयार झाला, उंची मात्र हलवायची नाही या अटीवर. आगाऊ पैसे देऊन आले आहे. गणपतीच्या आत देतो म्हणालाय.